माशाची भिंत

सहावं घर बघून खाली उतरताना डावऱ्याची बायको जिन्यातच थांबली. कठडा धरणार होती, पण कठड्यालाही काहीतरी चिकट लागलेलं होतं, म्हणून हात मागं घेतला आणि म्हणाली, "अहो, मला ओकारी येतेय." लग्नाला सहा वर्षं झालेल्या दुसऱ्या एखाद्या नवऱ्याला हे वाक्य ऐकून आनंदाच्या उकळ्या फुटल्या असत्या. डावऱ्याला फुटल्या नाहीत. ओकारी कशाची ते त्याला चांगलंच ठाऊक होतं, कारण त्या घराच्या न्हाणीघरात तोही डोकावला होता.

न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा मूठभर पुंजका साबणाच्या राखाडी लगद्यात रुतून बसला होता. घरमालकानं तो पायाच्या अंगठ्यानं बाजूला सारला, "पाणी जरा सावकाश जातं, एवढंच," असं म्हणाला, आणि तोच पाय न धुता पलंगावर घेऊन मांडी घालून बसला. माणसं घर विकायला काढतात आणि बघायला आलेल्यांसमोर पाय धुण्याइतकीही तसदी घेत नाहीत. वर किंमत सांगताना आवाज असा, की जणू तोच यांच्यावर उपकार करतोय.

डावरा धंद्यानं रंगारी. डाव्या हातात ब्रश धरतो म्हणून रंगाऱ्यांच्या टोळीतल्यांनी पाडलेलं हे नाव, आणि पंधरा वर्षांत ते असं चिकटलं की खरं नाव ओळखपत्रापुरतं उरलं. बायको कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, उसवलेली शिवण, तेलाचा डाग, वाकडी बटणपट्टी शोधायची, तिथं लाल बाणाचं चिकट लेबल लावायचं आणि शर्ट परत पाठवायचा. दिवसाला चारशे शर्ट. कारखान्यात तिला बाणवाली म्हणत, आणि बाणांचा एक ताव कायम तिच्या पर्समध्ये असायचा. अशा बाईला बरोबर घेऊन स्वस्तातली घरं बघत फिरणं काय असतं, ते डावऱ्यालाच विचारावं.

दोघं राहत होती टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत. खालून दिवसभर जळक्या रबराचा वास यायचा आणि संडास चार बिऱ्हाडांत मिळून एक. रोज सकाळी त्या रांगेत उभं राहिलं की आधीचा माणूस आत काय करून गेला असेल या विचारानंच बाणवालीच्या पोटात ढवळायचं. लग्न झालं त्याच महिन्यात तिनं नवऱ्याला बजावलं होतं, "आधी घर, मग मूल. या खोलीत मी मूल आणणार नाही. रांगायला लागलं की हात कशात घालेल सांगता येत नाही, आणि तोच हात तोंडात." डावरा तेव्हा हसला होता. आता ती चौतिसाव्या वर्षात होती, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत स्पष्ट सांगितलं होतं, "थांबायचं तेवढं थांबलात. आता वर्षाच्या आत काय ते ठरवा." ते ऐकल्यापासून डावऱ्याचं हसणं बंद झालं. दर रविवारी सकाळी दोघं चपला घालून घरं बघायला निघायची.

त्यांच्या ऐपतीचा आकडा ऐकला की प्रत्येक एजंट आधी वहीत बघायचा, मग यांच्याकडे, मग पुन्हा वहीत, आणि म्हणायचा, "आहे एक. थोडं काम करून घ्यावं लागेल." या थोड्या कामाची एकेक तऱ्हा. पहिल्या घरात ओट्याखालचं कपाट उघडलं तर आत झुरळंच झुरळं, आणि ती पळालीसुद्धा नाहीत. घरची मंडळी ती, पाहुणे हे दोघं. तिसऱ्या घरात संडास थेट स्वयंपाकघरात, मध्ये फक्त प्लास्टिकचा पडदा. मालकीणबाई अलीकडे पातेलं ढवळत होत्या आणि पलीकडे त्यांचे यजमान खाकरत होते. "सवय होते हो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पळीनंच पडदा नीट केला. चौथं घर 'हवेशीर' होतं. म्हणजे खिडकीला काच नव्हती, कबुतरांनी आत संसार थाटला होता, आणि जमिनीवर बोटभर थर साचला होता, त्यावर कुणीतरी वर्तमानपत्रं अंथरली होती. पाचव्यात वरच्या मजल्याचा सांडपाण्याचा पाइप झोपायच्या खोलीतून जात होता आणि गळत होता. खाली बादली. बाणवालीनं बादलीत बघितलं आणि मान फिरवली. "बादली घराबरोबरच मिळेल," मालक मोठ्या मनानं म्हणाला.

दुसरं घर मात्र दिसायला बरं होतं. ते डावऱ्यानं एका मिनिटात नापास केलं.

त्यामागं टोळीची एक पद्धत होती. घराचं काम संपलं की विजेच्या मीटरच्या पेटीच्या झाकणाला आतून पेन्सिलीनं रंगाचा नंबर आणि तारीख लिहून ठेवायची. पुढं कधी डाग बुजवायचा झाला तर तोच रंग मिळावा, म्हणून. आणि ज्या घरात एखाद्या भिंतीत आतून पाणी मुरतं, कितीही रंग फासा, वर्षाच्या आत पापुद्रे सुटून काळं बाहेर येणारच, अशा घरात तारखेशेजारी एक छोटा मासा काढायचा. पुढच्या रंगाऱ्यानं काय ते समजावं, की बाबा, या भिंतीवर जीव ओतू नकोस, झाक आणि नीघ. शहरातल्या बऱ्याच टोळ्या हे चिन्ह वापरत. घर घेणाऱ्याला यातलं काही कळत नाही, आणि कळू द्यायचंही नसतं.

त्या दुसऱ्या घरात डावऱ्यानं पेटी उघडली, मासा बघितला आणि बायकोचा दंड धरून तिला थेट रस्त्यावर आणलं. माशाची गोष्ट ऐकून बाणवाली भलतीच खूश झाली. "बरं झालं बाई रंगाऱ्याशी लग्न केलं," ती म्हणाली. "मला आता कोण फसवणार!" डावऱ्याची छाती फुगली. हे मासे काढतं कोण, असं तिनं त्या दिवशी विचारलं नाही, आणि त्यानंही आपणहून सांगितलं नाही.

तर सातवं घर. ते दाखवणारा एजंट टाय लावून आला होता. रविवारी, भर उन्हात टाय. बाणवालीनं मनातल्या मनात त्याच्या टायवरच्या डागाला एक बाण लावून टाकला. इमारत बाहेरून नुकतीच बदामी रंगवलेली, फाटकावर नव्या नावाची पाटी, आणि लिफ्ट चक्क चालू. तिसऱ्या मजल्यावर टायवाल्यानं दार उघडलं आणि दोघं आत गेली, ती उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून तिथंच उभी राहिली.

घर स्वच्छ होतं. राहत कुणीच नव्हतं. फरशी नवी, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधली भिंत पाडून सगळं मोकळं केलेलं. नव्या रंगाशिवाय कसलाही वास नाही. बाणवाली कामाला लागली. नळ सोडून बघितले, मोरीच्या जाळीजवळ वाकून हुंगलं, खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून बोट उन्हात धरलं, ओट्याखाली डोकं घालून दोन मिनिटं काढली. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते डावऱ्यानं सहा वर्षांत फारदा बघितलं नव्हतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "काही सापडत नाहीये."

डावऱ्यानं खरं तर मीटरची पेटी उघडायला हवी होती. दरवेळचा रिवाज तो. पण त्याची नजर वर गेली आणि तिथंच अडकली. भिंतीचा रंग जिथं संपतो आणि छताचा पांढरा जिथं सुरू होतो, ती कड. ही कड काढणं हीच रंगाऱ्याची खरी परीक्षा. बाकी भिंत काय, रोलर फिरवणारा कुणीही रंगवतो. ही कड दोरी ताणून आखावी तशी सरळ होती, चारही भिंतींवर, कुठं थेंब नाही की थरथर नाही.

"हे बघ," तो बायकोला म्हणाला, आणि आवाज आपोआप चढला. "याला म्हणतात हात! भिंती नंतर कुणीतरी रोलरनं मारल्यात, साधं काम आहे. पण ही कड बघ. हा माणूस चिकटपट्टी लावणाऱ्यातला नाही. शिडीवर उभं राहून, श्वास रोखून काढलेली आहे. असा कारागीर खराब घरात एवढी मेहनत घेत नाही. ज्यानं हे केलंय ना, त्यानं मनापासून केलंय."

टायवाल्याचे कान टवकारले. "साहेब, तुम्ही स्वतः रंगारी? मग मी काय बोलू! सोनारानंच सोनं पारखलं म्हणायचं." मग घड्याळ बघून त्यानं आवाज खाली आणला. मालकांना घाई होती, म्हणूनच भाव एवढा उतरला होता. बाराला दुसरं जोडपं यायचं होतं. जो आधी हो म्हणेल त्याचं घर. "तुम्ही बघा निवांत. मी गॅलरीत आहे," असं म्हणून तो फोन कानाला लावून बाहेर गेला.

बाणवाली आतल्या लहान खोलीत शिरली होती. डावरा मागोमाग गेला. ती खोलीच्या मधोमध उभी राहून हातांनी मापं घेत होती.

"खिडकीखाली नको, वारं लागेल. दाराशी नको, येण्याजाण्याचा रस्ता. इथे," ती म्हणाली आणि आतल्या भिंतीवर तिनं तळहात टेकवला. "पाळणा इथे." मग तपासणीच्या सवयीनं तिनं वळून विचारलं, "भिंत कोरडी आहे ना हो?"

डावरा 'हो' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो थबकला. हा प्रश्न त्यानं ऐकला होता. असाच, भिंतीवर हात ठेवून विचारलेला.

त्यानं पुन्हा वर बघितलं. डावखुरा माणूस कड उजव्या कोपऱ्यातून डावीकडे काढत जातो आणि शेवटी ब्रश उचलताना डाव्या कोपऱ्यात केसाएवढं शेपूट राहतं. दुसऱ्या कुणाला दिसणारही नाही. त्या डाव्या कोपऱ्यात ते शेपूट होतं.

तो बाहेर आला आणि दाराशेजारची मीटरची पेटी उघडली. झाकणावर आतून दोन तारखा होत्या, एक दोन वर्षांपूर्वीची आणि एक तीन महिन्यांपूर्वीची. प्रत्येक तारखेशेजारी एक मासा. उजव्या हाताची माणसं मासा काढतात तेव्हा त्याचं तोंड डावीकडे येतं. टोळीतल्या सगळ्यांचे मासे तसेच असायचे, फक्त डावऱ्याचा उजवीकडे बघायचा, आणि त्यावरून त्याची थट्टाही व्हायची. जुन्या तारखेचा मासा उजवीकडे बघत होता. नवा डावीकडे. दोघे एकमेकांसमोर तोंड करून होते.

नव्या माशाशेजारचे आकडे टोळीतल्याच एकाच्या वळणाचे होते. म्हणजे काम आपल्याच टोळीनं केलेलं, म्हणजे हे घर ठेकेदाराचं. ज्या ठेकेदाराकडे डावरा पंधरा वर्षं राबत होता, त्याचंच. जुनी घरं पडत्या भावात घ्यायची, रंगवून भाड्यानं द्यायची, जमलं तर विकायची, हा त्याचा जोडधंदा सगळ्यांना माहीत होता. डावऱ्यानं घर ओळखलं नाही यात नवल नव्हतं. तेव्हा इमारत राखाडी होती, टेंपो मागच्या फाटकातून आत आला होता, सामान खोलीच्या मध्ये ढकलून चादरींखाली झाकलेलं होतं. रंगारी घरं लक्षात ठेवत नाही, भिंती ठेवतो. आणि ही भिंत लक्षात राहू नये अशीच त्याची इच्छा होती.

बायको मागं येऊन उभी राहिली होती. तिला झाकण दिसलं.

"मासा?" ती म्हणाली.

"दोन."

"कुठली भिंत?"

त्याची नजर लहान खोलीकडे गेली. तिला कळलं. ती परत लहान खोलीत गेली आणि त्या भिंतीसमोर उभी राहिली. मग अगदी वेगळ्या, खालच्या आवाजात बोलायला लागली.

"मग काय झालं? तुम्ही रंगारी आहात ना? आपण दर सहा महिन्यांनी रंगवू. पाळणा बाहेरच्या खोलीत लावू. ही खोली बंद ठेवू."

"अगं, ते आतून येतं. काळं येतं, भुरभुरतं, श्वासात जातं. दार लावून थांबत नाही."

"आपल्या संडासाच्या रांगेपेक्षा बरंच असेल ना? तुम्हीच सांगा, असेल ना?" तिचे डोळे भरून आले होते. "मी थकले हो. आता मला आणखी कुणाचे केस बघायचे नाहीत, कुणाची बादली बघायची नाही. हे घेऊन टाकू."

एका वाकड्या बटणासाठी शर्ट परत पाठवणारी ही बाई. ती भिंतीची वकिली करताना बघून डावऱ्याला शिसारी आली, आणि ती तिची नव्हती, स्वतःचीच होती. झुरळांच्या कपाटासमोर आली होती त्याहून वाईट होती ही, कारण हिच्यापासून नाक धरून जिना उतरून जाता येत नव्हतं. त्यानं सांगायला सुरुवात केली.

दोन वर्षांपूर्वी इथं एक कुटुंब नुकतंच राहायला आलं होतं. बाईच्या कडेवर फडक्यात गुंडाळलेलं मूल होतं आणि ते खोकत होतं, ओला, घरघरणारा खोकला. डावऱ्यानं याच भिंतीवरचं काळं खरवडून काढलं होतं, दोन घमेली भरतील एवढं. औषध मारलं, अस्तर मारलं, वर रंगाचे दोन हात. भिंत नवी दिसायला लागली. त्या बाईनं ओल्या रंगाला लागणार नाही असा, खाली कोपऱ्यात हात ठेवला आणि विचारलं, "भाऊ, पाळणा इथं लावायचाय. भिंत कोरडी आहे ना?" ठेकेदार मागं दारात उभा होता.

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"एकदम कोरडी, ताई. खुशाल लावा."

"खुशाल?"

"हो. असंच म्हणालो. नंतर बाहेर येऊन मासा काढला."

बाणवाली दोन पावलं मागं सरकली. हात त्याच्यापासून लांब, स्वतःच्या छातीशी घेतले. सहा घरांत ज्या नजरेनं ती न्हाणीघरांकडे बघत आली होती, ती नजर आता त्याच्यावर होती.

"मासा काढलास," ती म्हणाली. सहा वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा एकेरीत हाक मारली असेल. "म्हणजे पुढच्या रंगाऱ्याला सांगितलंस. रंग वाया जाऊ नये म्हणून. आणि जिच्या कडेवर मूल होतं तिला नाही सांगितलंस."

"ठेकेदार म्हणायचा, आपण रंगारी, डॉक्टर नव्हे..."

"ठेकेदाराचं नको सांगूस मला. शी!"

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. टायवाला गॅलरीतून लगबगीनं आला आणि त्यानं दार उघडलं. आलेल्या माणसाच्या अंगावर पहारेकऱ्याचा गणवेश होता, रात्रपाळी संपवून तसाच आलेला. त्याच्यामागून त्याची बायको आली, एक हात कमरेवर, पोट पुढं, सातवा-आठवा महिना असावा. लिफ्टनं येऊनही तिला दम लागला होता.

"या, या, अगदी वेळेवर आलात," टायवाला म्हणाला. "ही मंडळी जवळजवळ ठरवूनच बसलीत. आणि गंमत सांगतो, हे साहेब स्वतः रंगारी आहेत! आल्या आल्या भिंतींची अशी तारीफ केली, की मीच ऐकत राहिलो. भिंतींचं सर्टिफिकेट त्यांच्याकडूनच घ्या."

ती बाई फिरत फिरत लहान खोलीत आली. खिडकीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि जायची तिथंच गेली. त्याच भिंतीपाशी. दुसरी जागाच नव्हती ना त्या खोलीत. तिनं हात टेकवला आणि डावऱ्याकडे बघून विचारलं, "भाऊ, तुम्हाला कळतं म्हणून विचारते. कोरडी आहे ना?"

दारात टायवाला हसत उभा होता. तोंडातून एक शब्द निघाला तर उद्या ठेकेदाराच्या टेंपोत जागा नाही. पंधरा वर्षांचं काम बंद, मग घर कसलं आणि मूल कसलं. आणि 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? मागच्या वेळी काहीच लागला नव्हता. डावरा नुसता उभा राहिला. आपल्या गप्प बसण्याचाही अर्थ 'हो' असाच घेतला जातोय, हे त्याला त्या बाईच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं होतं.

पर्सची चेन उघडल्याचा आवाज झाला. बाणवालीनं बाणांचा ताव काढला, नखानं एक लाल बाण सोडवला, त्या बाईला हलक्या हातानं बाजूला केलं आणि भिंतीवर कमरेच्या उंचीला चिकटवून दिला.

"इथे," ती म्हणाली. तिनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डावऱ्यानं खिशातून किल्ली काढली. टायरच्या दुकानावरच्या खोलीची. बाणाच्या टोकाशी ती रंगात खुपसली आणि खाली ओढली. रंग दुधावरच्या सायीसारखा गोळा होत आला, आणि मग हातभर लांब पापुद्रा आपोआपच सुटून लोंबायला लागला. खाली भिंत काळी होती. नुसती काळी नव्हे, ओली, लव आलेली, आणि मध्ये मध्ये हिरवट. त्यानं बोटं घालून आणखी ओढलं. वास खोलीभर पसरला, बंद पेटीत ओलं फडकं महिनाभर विसरल्यावर येतो तसा.

"नाही ताई," डावरा म्हणाला. "कोरडी नाही. कधीच नव्हती. ही बाळाची खोली नाही. इथं नका राहू."

ती बाई ओढणीचं टोक नाकातोंडावर धरून मागं मागं गेली, दुसरा हात पोटावर. तिच्या नवऱ्यानं तिला धरलं. टायवाला एकदम ओरडायला लागला. "अहो, हे काय केलंत? चांगल्या घराची वाट लावलीत! मालकांना मी काय तोंड दाखवू?"

"सांगा, डावऱ्यानं केलं," डावरा म्हणाला. "ओळखतात ते मला."

दोघं लिफ्टनं न येता जिन्यानं उतरली. बाणवाली पुढं, डावरा मागं. खाली आवारात झाडांना पाणी घालायचा नळ होता. तिथं ती थांबली, नळ सोडला आणि त्याच्याकडे न बघता हात पुढं केला. त्यानं आपला डावा हात तिच्या हातात दिला. नखांत काळं भरलं होतं. पर्समधून रुमाल काढून तिनं तो चोळायला सुरुवात केली, एकेक बोट, इतक्या जोरानं की दुखत होतं. डावऱ्यानं हात मागं घेतला नाही.

"मुलगा होता की मुलगी?" तिनं विचारलं.

"कोण?"

"त्या बाईच्या कडेवर."

डावऱ्यानं आठवायचा प्रयत्न केला. फडकं आठवत होतं, पिवळं. भिंत वीत न् वीत आठवत होती.

"माहीत नाही," तो म्हणाला. "तोंड बघितलंच नाही मी. खोकला तेवढा ऐकला."

तिनं चोळणं थांबवलं आणि नळ बंद केला. रुमाल पिळला, बघितला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला.

"पुढच्या रविवारी घर बघायचं नाही," ती म्हणाली. "त्या लोकांना शोधायचं. ते मूल कसं आहे ते बघून यायचं. तोवर माझ्यासमोर घराचं नाव काढू नकोस, आणि मुलाचंही."

"आणि नाही सापडले तर?"

"तर त्याच्या पुढच्या रविवारी," ती म्हणाली आणि फाटकाकडे चालू लागली.